उजवीकडचा खिसा

प्रिय दादा,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरात सगळे आपापल्या जागी आहेत. आईचा गुडघा दुखतो आणि ती दुखत नाही म्हणते. बाबा पेपर वाचता वाचता झोपतात आणि झोपलोच नव्हतो म्हणतात. म्हणजे सगळं जसंच्या तसं. तू दर रविवारी फोन करतोस, तिकडे ऊन किती, इकडे ऊन किती एवढं बोलणं झालं की चार मिनिटांत 'ठेवतो' म्हणतोस. मला जे विचारायचंय ते त्या चार मिनिटांत मावत नाही, आणि आई फोन स्पीकरवर टाकून मधे बसलेली असते. शिवाय फोन तू ठेवून देऊ शकतोस. म्हणून पत्र. हातानं लिहायची सवय गेलीये, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, तरी वाच. शुक्रवारी मला कॉलेजात एक निबंध द्यायचाय. त्यातलं एक वाक्य मला तीन आठवडे झाले लिहिता येत नाहीये, आणि ते वाक्य तुझ्याबद्दलचं आहे.

आम्हाला माध्यमं शिकवणाऱ्या मॅडमना पोरं टाचणीबाई म्हणतात. त्या निबंधावर शाई लावत नाहीत. जिथं खटकलं तिथं एक छोटी पांढरी चिठ्ठी टाचणीनं टोचायची आणि चिठ्ठीवर एखादा प्रश्न लिहायचा, बस. आपण चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहायचं, निबंध नव्यानं लिहायचा आणि जुन्या चिठ्ठ्यांसकट परत द्यायचा. एकाही चिठ्ठीची पाठ कोरी राहिली तर गुण नाहीत. निबंध परत मिळतात तेव्हा एकेकाचा साळिंदर झालेला असतो. माझ्या पहिल्या खेपेला तेवीस टाचण्या होत्या. मी नाकावर माशी बसू न देणारी, सगळ्यांसमोर कशाला म्हणून बाकाखाली धरून मोजत बसले आणि अंगठ्याला टोचून घेतलं. तोवर मला वाटायचं की आपल्याला लिहिता येतं. शाळेपासून सगळे म्हणत आले, हिची भाषा छान आहे. बाईंची पहिलीच चिठ्ठी अशी होती, 'भाषा छान आहे. पण पाहिलंस काय?'

एकच बातमी घ्यायची आणि तिच्यातल्या एकाच दृश्यावर पंधरा पानं लिहायची, असा विषय होता. बाकीच्यांनी जाहिराती घेतल्या, भाषणं घेतली. मी तुझं दृश्य घेतलं. दोन वर्षांपूर्वीची, शिवणकामाच्या कारखान्याची आग. मागचं दार कुलूपबंद होतं, चार बायका धुरात गुदमरून गेल्या, आणि ज्याच्याकडे चाव्या होत्या तो वॉचमन चाव्यांचा जुडगा हातात घेऊन भिंतीकडेनं पळताना सगळ्या जगानं पाहिला. चार सेकंदांचा तुकडा. तू तेव्हा चॅनेलमध्ये एडिटर होतास, तो तू बातमीत लावलास आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्या चॅनेलांनीही उचलला. बाबांनी तो फोनमध्ये साठवून ठेवलाय, अजूनही कोणी घरी आलं की आमच्या थोरल्याचं काम म्हणून दाखवतात. पाहुण्यांना काय बोलावं ते कळत नाही, पण बाबांना कळतं की ते भारावलेत. मलाही तुझा अभिमानच होता रे. माझ्या पहिल्या निबंधाचं शेवटचं वाक्य होतं, 'कॅमेरा खोटं बोलत नाही, पळपुट्याला तो पळतानाच पकडतो.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते आईला स्वयंपाकघरात जाऊन वाचून दाखवलं.

बाईंनी त्या वाक्यावर टाचणी मारली होती. चिठ्ठीवर, 'पळपुटा हे तुला दिसलं की वाटलं?' मला आपला खेळ आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन, तू टीव्हीचा आवाज बंद करायचास आणि विचारायचास, शेपटे, काय चाललंय सांग. मी म्हणायचे, तो माणूस चिडलाय. तू म्हणायचास, चिडलाय हे तुला वाटतंय, दिसतंय काय? भुवया वर गेल्यात, मूठ वळलीये. 'आधी दिसतं ते, मग वाटतं ते.' मी चिठ्ठीच्या पाठीवर तेच लिहिलं, तुझंच वाक्य, आणि खाली कबूल केलं की मी उलट क्रमानं गेले. मग दुसरी खेप लिहायला बसले. ते चार सेकंद मी थांबवून थांबवून पाहिले आणि दिसेल ती वस्तू लिहून काढली. निळा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. उजव्या बाजूच्या खिशात शिट्टी, तिची दोरी बाहेर लोंबणारी. उजव्या मनगटावर घड्याळ. डाव्या हातात चाव्या. मागे भिंत, तिच्यावर पुसट झालेली कसली तरी अक्षरं. पायात एकच चप्पल. त्याच्या पायात एकच चप्पल होती हे दोन वर्षांत मला एकदाही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला फक्त सहा टाचण्या आल्या. मी हवेत. त्यातली एक मात्र मला खुळचट वाटली. 'पुरुषांच्या शर्टाला एकच खिसा असला तर तो कोणत्या बाजूला असतो? घरातला एखादा शर्ट बघून सांग.' एवढ्या मोठ्या विषयात बाईंना खिसा दिसला, असं मी मैत्रिणींना सांगून हसले. घरी येऊन दाराआडच्या खुंटीवरचा तुझा जुना शर्ट पाहिला. डावीकडे. बाबांचे पाहिले, सगळे डावीकडे. मला वाटलं मीच लिहिताना घोळ घातला. पुन्हा तुकडा लावला. खिसा उजवीकडेच होता. आणि घड्याळही. मग मी त्या भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहत बसले, आणि का कोण जाणे, आईचा कुंकवाच्या डबीशेजारचा छोटा आरसा आणून लॅपटॉपसमोर धरला. आरशात स्वच्छ वाचता आलं, 'येथे गाड्या उभ्या करू नयेत.' आणि आरशातला वॉचमन दुसऱ्या दिशेनं धावत होता.

मला समजावून सांगायची कोणाला गरज नव्हती. मी सहावीत असताना तू मला एकदा तुझ्या एडिटिंगच्या खोलीत नेलं होतंस आणि माझाच व्हिडिओ एका बटणानं उलटा करून दाखवला होतास. बघ, डावखुरी झालीस, म्हणाला होतास. याला आम्ही फ्लिप म्हणतो. एका शॉटमध्ये माणसं डावीकडे चालली आणि पुढच्यात उजवीकडे, तर बघणाऱ्याच्या डोळ्याला ठेच लागते, म्हणून एखादा शॉट आरशातल्यासारखा पलटून टाकायचा, कोणाच्या बापाला कळत नाही. मी तेव्हा हसून लोळले होते. आगीच्या त्या बातमीत आधीचा शॉट कारखान्याच्या फाटकातून बाहेर धावणाऱ्या बायकांचा आहे, त्या पडद्यावर डावीकडे येतात. मूळ चित्रणात वॉचमन उजवीकडे धावत होता. म्हणजे आत. इमारतीकडे, मागच्या दाराकडे, चाव्या घेऊन. तू ते दृश्य नीट पाहिलंसुद्धा नसशील. घाई असेल, डोक्यावर कोणीतरी उभं असेल, बोटांना सवय असेल. तुझ्या डोळ्याला ठेच लागू नये म्हणून तू तो माणूस फिरवलास. निवेदनातलं 'वॉचमन पळाला' हे वाक्य नंतर कोणीतरी तुझं चित्र बघून लिहिलं. मी आठवडाभर तुझी वकिली केली दादा, रोज नवीन मुद्दा काढून. शेवटी माझे मुद्दे संपले, खिसा उजवीकडेच राहिला.

तिसरी चिठ्ठी मला त्या वॉचमनच्या घरी घेऊन गेली. 'ज्याच्याविषयी पंधरा पानं लिहिलीस, त्याला काही विचारलंस का?' कारखान्याजवळच्या टपरीवाल्यानं पत्ता दिला, तोही आधी थुंकून. दोन खोल्या, बाहेर धुतलेले कपडे, दारावर बाहेरून कोणीतरी खिळ्यानं चावीचं चित्र कोरलेलं. ते खरवडायचा प्रयत्न केलेला दिसत होता. दार त्याच्या बायकोनं उघडलं. त्या काकू हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करतात, हात कोपरापर्यंत लालसर. मी म्हटलं, मला त्यांच्याशी बोलायचंय. त्या म्हणाल्या, मग चार महिने उशीर केलास. आजार असा काही नव्हता म्हणे. नोकरी गेली, चौकात मार पडला, खटल्यातून पुराव्याअभावी सुटला, पण सुटला हे कोणी दाखवलं नाही. मग जेवण कमी कमी होत गेलं आणि एका सकाळी उठलाच नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. आणि चोर तरी कोण होता, एक बटण.

काकूंनी मला सांगितलं ते असं. आग लागली तेव्हा तो पुढच्या फाटकावर होता. मागच्या दाराला रोज कुलूप लावायचा हुकूम मालकाचा. हा चाव्या घेऊन भिंतीच्या कडेनं मागे धावला, कुलूप निघालं पण कडी तापून फुगलेली, ती सरकेना. त्याच्या उजव्या तळव्यावर कडीचा आडवा डाग शेवटपर्यंत होता. लोक म्हणायचे, तो मार खाल्ल्याचा. समोरच्या गच्चीवर एक कॅमेरावाला उभा होता आणि तो सगळं घेत होता, हे त्यानं पाहिलं होतं. त्या आशेवर तो दोनदा चॅनेलच्या दारात गेला. पहिल्यांदा हाकलला. दुसऱ्यांदा आतून एक तरुण माणूस बाहेर आला, त्याला बाकावर बसवलं, पाण्याचा ग्लास आणून दिला, सगळं ऐकून घेतलं आणि 'बघतो' म्हणून आत गेला. हा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिला. तो माणूस परत आला नाही. तरी त्याच्याबद्दल तो कधी वाईट बोलला नाही, काकू म्हणाल्या. एवढ्या सगळ्यांत त्या एकानं पाणी विचारलं, असं म्हणायचा. भला पोरगा होता, डाव्या भुवईत खाच होती त्याच्या.

डाव्या भुवईत खाच. सायकलवर मला पुढे बसवून उतारावरून नेताना पडलास, मला वर उचलून धरलंस आणि स्वतः दगडावर तोंड आपटलंस, ती खाच. मी त्या घरात बसले होते आणि माझ्याही हातात पाण्याचा ग्लास होता. त्यांनी विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, ऊन लागलं. सांगायला हवं होतं, मला कळत होतं, आणि मी नाही सांगितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, ते इतकं दुखतं हे ठाऊक नव्हतं. मी उठणार तेवढ्यात काकू इस्त्रीच्या घड्यांकडे बघत म्हणाल्या, "सारखं सारखं टीव्हीवर तेच बघून शेवटी शेवटी तो मलाच विचारायचा, मी खरंच पळालो होतो का गं?"

यानंतर मला निबंध लिहिता आलेला नाही. बसते, पहिलं वाक्य लिहिते, खोडते. वर्गात सगळ्यांना वाटतं मी पहिल्या नंबरासाठी घासते आहे. बाईंनी परवा बोलावून सांगितलं, आत्तापर्यंतचा हा सर्वांत चांगला निबंध होऊ शकेल. माझं लिखाण सुधारलं बघ दादा, प्रत्येक चिठ्ठीगणिक सुधारलं, आणि प्रत्येक सुधारणेला मी तुझ्या आणखी जवळ येत गेले. सगळे तुकडे आता जुळतात आणि मला ते जुळायला नको आहेत. आगीनंतर तीन आठवड्यांत तू नोकरी सोडलीस. थकलोय म्हणालास. इतक्या लांब जाऊन लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापतोस, ज्यात सगळे हसतच असतात. आई अजून सांगते, वेडा पोरगा, स्वेटर विसरला, डबा विसरला, पण ती एक निळी डिस्क टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवली. मी तेव्हा म्हटलं होतं, असतील आवडते सिनेमे. त्या दिवशी बाकावरून उठून तू आत गेलास तो पुढचं चित्रण पाहायलाच गेलास ना? पाहिलंस, त्याची प्रत त्या निळ्या डिस्कवर काढलीस, आणि मग बाहेर आलाच नाहीस. आधीच्या चुकीला मी चूक म्हणेन, कोणी काही म्हणो. पण त्या बाकापर्यंतची वीस पावलं तू चालला नाहीस, त्याला काय म्हणायचं ते मला सुचत नाही. मी तुझा राग राग करून पाहिला, तेही जमत नाही. रात्रंदिवस एकच डोक्यात येतं की तो तिथं बसलेला होता आणि तुला माहीत होतं.

आता माझ्याकडे एकच चिठ्ठी उरली आहे. 'चॅनेलने दाखवले, असं नऊ वेळा लिहिलं आहेस. चॅनेलला हात असतात का? हात कोणाचा?' पाठ कोरी. पत्र लिहितेय ते यासाठी. शुक्रवारी मी तिच्यावर लिहिणार आहे की हात माझ्या भावाचा. लिहिल्यावर बाबांना फोनमधला तो तुकडा पुसावा लागेल आणि त्यांना ते का करायचं हे मलाच सांगावं लागेल, कसं सांगायचं मला माहीत नाही. पण त्यासाठी तुझी परवानगी मागत नाहीये. मला ती निळी डिस्क हवी आहे. ते दृश्य उलटं लावलेलं आहे एवढं मी काकूंना सांगितलं होतं, त्यावर त्यांनी मला दारातून परत बोलावून एकच गोष्ट सांगितली. "मला काही दाखवू नकोस, मला माहितीये. पोरीला दाखव." त्यांची मुलगी अकरा वर्षांची आहे. मी होते तेवढा वेळ ती आतल्या खोलीत पाठ करून बसली होती. शाळेत तिला चावी म्हणतात, आणि तिलाही वाटतं की बाप पळाला. तिला त्या चार सेकंदांच्या पुढचं पाहायला मिळालं पाहिजे, त्याचा हात कडीवर असलेलं. ती डिस्क तू स्वतः घेऊन ये, काकूंसमोर बस आणि त्यांना तुझी भुवई दिसू दे. ते जमत नसेल तर नुसती पाठव. आणि पुसून टाकली असशील तर तेवढं एका ओळीत कळव. मग मी आईचा छोटा आरसा घेऊन जाईन, त्या मुलीसमोर फोन धरेन आणि म्हणेन, यात बघ, तुझे बाबा आत धावताहेत. ती विश्वास ठेवेल असं मला वाटत नाही.

तुझीच, अजूनही तुझ्याच मागे येणारी,
शेपूट